वक्तृत्वाचा सूर आणि सुताचा गुंता : सोलापुरातल्या एका नववीच्या नाटकाचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. नववीची तुकडी, पट पन्नाशीच्या वर. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू, उरलेल्यांत कन्नड, दखनी उर्दू आणि मराठी. आईवडील यंत्रमागावर, गारमेंटमध्ये, विड्या वळण्याच्या कामावर. १२ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला या तुकडीनं सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे १९३० सालच्या लष्करी अमलावर, पंचवीस मिनिटांचं नाटक करायचं, असं दिवाळीच्या सुट्टीआधीच ठरलं होतं. संहिता मराठीच्या बाईंनी लिहिली. सुट्टीनंतर मला निरोप आला तो असा : मुलांचे संवाद तोंडपाठ आहेत, पण नाटक काही होईना. मी शहरातल्या शाळांमध्ये नाटकाचे तास घेतो. असे निरोप बहुतेक डिसेंबर तोंडावर आला की येतात.

तालमीला जाऊन बसलो. त्या प्रकरणात फासावर गेलेले चार हुतात्मे एका रांगेत उभे, त्यांच्या पुढ्यात एक माइक. ज्याचं वाक्य येईल तो दोन पावलं पुढे येणार, डावा हात पाठीशी, उजवा खांद्याच्या वर, नजर समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे. ‘हे जुलमी सरकाराऽऽ, तू आमचे देह संपवशील, पण...’ या ‘पण’नंतर एक मोठा श्वास, मग सूर चढवत चढवत शेवटच्या शब्दावर आपटायचा. मल्लप्पा धनशेट्टी झालेला मुलगा वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवणारा. उरलेले तिघे, म्हणजे कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, त्याचाच सूर उचलत होते. डोळे मिटले असते तर कोण कोण बोलतोय ते कळलं नसतं. त्यांच्या मागे राहिलेली चाळीसेक पोरं ‘गर्दी’. गर्दीला दोनदा ‘भारत माता की जय’ म्हणायचं होतं आणि शेवटी मुठी वर करायच्या होत्या. मधल्या वेळात शेवटच्या रांगेत फुल्लीगोळा चालू होता.

बाईंचं निदान असं होतं की भाव कमी पडतोय. त्या तालमीत सारख्या सांगायच्या, ‘भाव आणा, भाव आणा.’ त्याचा परिणाम एकच व्हायचा : आवाज आणखी वर जायचा. दुसरं निदान शिक्षकखोलीत ऐकलं. घरी मराठी नाही, मग अशा पोरांकडून संवादफेक कशी होणार? हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. वर्गात सगळ्यांत स्वच्छ मराठी ज्याची, त्याच्याच बोलण्यात सूर सगळ्यांत जास्त होता. अडचण उच्चाराची नव्हतीच. बोलणारा कोणाशी बोलतोय हेच ठरलेलं नव्हतं.

वक्तृत्वाला नावं ठेवायची नाहीत. शेकडो मुलांची भीड त्यानंच मोडली आहे. पण स्पर्धेत बोलणाऱ्या मुलासमोर माणूस नसतो, परीक्षक असतो, आणि परीक्षक चढत्या सुराला गुण देतो. चौथीपासून नववीपर्यंत तेच चालल्यावर मुलाला वाटू लागतं की स्टेजवर बोलायचं ते असंच. नाटकात मात्र प्रत्येक वाक्याला एक घेणारा लागतो. त्याच्याकडून काहीतरी हवं असतं, म्हणूनच बोलणं होतं.

वेळेचं गणित

तास पस्तीस मिनिटांचा. नववीच्या वेळापत्रकात ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, त्याला श्रेणीही आहे; पण तो तास बहुतेक शाळांत गणित किंवा विज्ञान गिळतं. इथंही तेच होतं. मुख्याध्यापकांनी तो परत मिळवून दिला, शिवाय शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास जोडून दिले. शाळा सुटल्यावर तालीम घेण्याचा प्रश्नच नव्हता. मुली घरी जाऊन कामाला लागतात. मुलांपैकी काहींच्या घरची मोठी माणसं सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, धरतात. डिसेंबरात काठ्यांचा सराव सुरू झाला की पोरंही त्यांच्या मागं जातात. मला हे बरंच वाटलं. सुट्टीत आणि शाळेनंतर रात्री आठपर्यंत घासून बसवलेली शालेय नाटकं मी पाहिली आहेत. त्यात मुलं दमतात आणि सूर घट्ट होतो.

आधी गोष्ट

पहिले काही तास संहिता कपाटात ठेवली. बाईंना ते जड गेलं, पण त्यांनी मान्य केलं. आठवीच्या इतिहासात सोलापूरच्या १९३०च्या सत्याग्रहावर छोटा मजकूर आहे, तो सगळ्यांनी वाचलेला. चौघांची नावं सगळ्यांना पाठ, चार पुतळ्यांवरून रोजची ये-जा. पण काय झालं होतं असं विचारलं की उत्तर यायचं, ‘देशासाठी फासावर गेले.’ त्यापुढं गाडी जात नव्हती.

फळ्यावर तारखा लिहिल्या. ५ मे १९३०, गांधीजींना अटक. सोलापुरात हरताळ, मिलकामगार रस्त्यावर. ८ मेला गोळीबार. मग लोकांचा भडका, मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला, न्यायालयाची इमारत पेटली. ९ ते ११ मे शहरात सरकार म्हणून कोणी नाही, कारभार लोकांच्याच हाती. १२ मेपासून मार्शल लॉ, तो जूनअखेरपर्यंत. १२ जानेवारी १९३१, येरवड्यात चौघांना फाशी.

‘९, १० आणि ११ या तीन दिवसांत तुमच्या गल्लीत काय चाललं असेल?’ एवढाच प्रश्न विचारला. आणि फुल्लीगोळावाली रांग जागी झाली. दूध कोण घालत असेल? मिलचा भोंगा वाजत होता का? पगार? चोऱ्या झाल्या नसतील का? एका मुलीनं विचारलं, ‘सर, पाण्याचं काय ओ?’ सगळा वर्ग हसला. सोलापूरकराला पाण्याचा प्रश्न कुठल्याही सालात पडू शकतो. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग मागून एकानं विचारलं, ‘पण चौकीतल्या पोलिसांना कुणी मारलं?’ बाई थोड्या बावरल्या. चौकीवरच्या हल्ल्यात दोन पोलीस मेले होते, आणि चौघांना फाशी झाली ती त्याच खटल्यात. त्यांनी ते केलं नव्हतं, असंच सोलापूर मानत आलं आहे. हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न नको, असा बाईंचा सूर होता. माझं मत उलटं. नववीतलं पोर हे विचारतं म्हणजे पहिल्यांदा त्याला चौघं माणसं म्हणून दिसू लागली आहेत, नुसते पुतळे म्हणून नाही. प्रश्न ठेवला, उत्तर नाटकात दिलं नाही. एका प्रवेशात शेजारीण विचारते, ‘त्या पोलिसाची बायको कुठं गेली गं?’ आणि कोणीच काही बोलत नाही. हा प्रवेश मुलांनीच बसवला.

दार

आता मुख्य भाग. एका मुलाच्या घरी चार यंत्रमाग आहेत, त्यानं वेस्ट सुताची एक पिशवी आणली. दुसऱ्या एकीच्या आजीच्या माळ्यावर सूत गुंडाळायचा रहाट होता, तो आला, सोबत डबाभर रिकाम्या कांड्या, म्हणजे सूत भरायच्या नळ्या. १९३० साली या भागात हातमाग होते आणि घरातली बायकापोरं कांड्या भरत. त्यामुळं हे काम त्या काळाला शोभणारं होतं. वर्गाची सहा-सात जणांची ‘घरं’ केली. प्रत्येक घराला सुताचा एक गुंता. काम खरंखुरं : गुंता सोडवायचा, सूत कांडीवर घ्यायचं. रहाट एकच, तो घराघरांत फिरवायचा. ज्यांच्याकडं रहाट नाही त्यांनी हातानं गुंडाळायचं. नियम दोनच. हात थांबवायचे नाहीत, आणि बोलायचं ते घरच्या भाषेत.

बाहेर मार्शल लॉ आहे. तिरंगा सापडला तर शिक्षा, डोक्यावर गांधी टोपी दिसली तर सैनिक ती उतरवतात. रात्री दारावर थाप पडते.

थाप मारायला बाई हव्या होत्या. शिक्षकानं स्वतः एखाद्या भूमिकेत शिरून वर्गासमोर पेच उभा करायचा, ही पद्धत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी शाळांमध्ये रुजवली. आपल्याकडं शिक्षकांना ती फार अवघड वाटते. ‘मी मुलांसमोर काय सोंग आणू?’ असं बाई म्हणाल्या. त्यांना सांगितलं, सोंग आणू नका, आवाज बदलू नका. तुम्हाला फक्त आत यायचं आहे. मुलांनी घेतलं नाही तर बाहेरच राहायचं. मग त्या तयार झाल्या. डोक्यावर पांढरी टोपी घालून व्हरांड्यात गेल्या आणि वर्गाचं दार आतून कडी लावून बंद झालं.

‘दार उघडा. मागं सोजीर आहेत.’

वर्गात आधी फिदीफिदी झाली. दुसरी थाप जोरात पडली. तिसऱ्या बाकाच्या घरातून एकजण हळूच म्हणाला, ‘तलुपु तीयकु.’ दार उघडू नको. पलीकडून दखनीत, ‘नक्को खोल.’ कन्नड घरात एक मुलगा उठून दाराकडं निघाला, त्याला शेजारच्यानं सदऱ्याला धरून खाली बसवलं. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आवाज इतके उतरले होते की व्हरांड्यातून चाललेल्या शिपायानं खिडकीतून डोकावून पाहिलं.

दाराजवळच्या घरात एक मुलगी कांडी भरत होती. ती दाराकडं बघतही नव्हती, नजर सुतावर. आधी तेलुगूत काहीतरी म्हणाली. बाईंना तेलुगू येत नाही, म्हणून मग तेच मराठीत : ‘आधी टोपी काढून खिशात घाल. मग बोल.’

त्याच घरात धनशेट्टी झालेला आमचा वक्ता बसला होता. त्याच्या बोटांत सुताची गाठ अडकलेली, दातानं तोडावी की नखानं सोडवावी या विचारात. मान वर न करता तो म्हणाला, ‘अगं, माणूस मरंल की.’

ना हात वर, ना ‘पण’नंतरचा श्वास. तो माझ्या कानावर तोवर आलाच नव्हता, असा त्याचा घरचा आवाज.

हे का होतं, यात गूढ काही नाही. वक्तृत्वी मूल बोलताना स्वतःचंच बोलणं ऐकत असतं. हाताला खरं, बारीक आणि फसू शकणारं काम दिलं की त्याचं अर्धं लक्ष तिकडं जातं आणि आवाजावरचा पहारा सुटतो. नुसता काम केल्याचा अभिनय करायला लावून हे साधत नाही. रिकामा हात हवेत फिरवणारं पोर पुन्हा स्वतःलाच बघू लागतं. गुंता खरा लागतो. त्यातच दाराबाहेर एक ठरावीक माणूस आहे, त्याला आत घ्यायचं की नाही हे आत्ता ठरवायचं आहे. म्हणजे वाक्याला घेणारा मिळाला.

सगळ्या घरांत हे जमलं असं नाही. एक घर पूर्ण वेळ हसत होतं आणि पुढच्या खेपेलाही हसलं. मुलांच्या एका घरानं दार उघडून ‘सोजीर’ आत आणले आणि पाच मिनिटांत एका बारक्या पोराला खरोखर चापट्या बसल्या. तिथं थांबवून नियम केला : आपल्या नाटकात सैनिक दिसणार नाही, फक्त बुटांचा आवाज येईल. शाळेत मारहाणीचे प्रवेश बसवू नयेत असं माझं ठाम मत आहे. वर्गात आधीच कोण कोणाला दाबतो ते त्या प्रवेशात शिरतं, आणि नाटक म्हणून त्याला मोकळीक मिळते.

त्यानंतर तोच प्रसंग मराठीत. अर्ध्या घरांत सूर परत आला, हे अपेक्षितच होतं. तेव्हा सूचना एकच ठेवली : ज्याला सांगतोयस त्याच्या हाताकडं बघून बोल. ‘भाव आणा’ हे शब्द बाईंनी स्वतःहून बंद केले. बोलीतली वाक्यं त्यांनी दुरुस्त करायची नाहीत, हे ठरवायला मात्र दोन शनिवार गेले. ‘मरंल की’चं ‘मरेल ना’ करावं का, यावर आम्ही बरंच भांडलो. ‘मरंल की’ राहिलं.

संहितेचं काय झालं

बाईंच्या संहितेतलं धनशेट्टींचं भाषण आम्ही ठेवलं, तेही पूर्ण. सभेत माणूस भाषणच करतो, तिथं चढा सूर आणि वर गेलेला हात शोभतो. वक्त्याच्या कमाईला त्यात नीट जागा मिळाली, आणि पुढच्याच प्रवेशात तो कोणाच्या तरी घरात गुंता सोडवत बसलेला दिसला की दोन्ही आवाजांतला फरक प्रेक्षकाला कळतो. बाकी संवाद बहुतेक गेले. चौघांची रांग गेली. त्यांच्या अटकेच्या बातम्या घराघरांत येऊन पोहोचतात, एवढंच ठेवलं.

यावरून रुसवे झाले. सारडा झालेल्या मुलाचे वडील शाळेत आले. ‘आधी पोराला मोठा रोल दिला होता, आता म्हणे कांड्या भरतोय. कांड्या तर घरीबी भरता येतात की सर.’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मागावरचं काम पोरानं करू नये म्हणून तर त्याला शाळेत घातलेलं. त्यांना शनिवारच्या तालमीला बसवलं. ते पटून गेले असं मी म्हणणार नाही. पण जाताना पोराच्या हातातली कांडी घेऊन ‘सैल भरलीस, मागावर तुटंल’ असं सांगून, नीट भरून दाखवून गेले. मुख्याध्यापकांची काळजी वेगळी होती : पाहुण्यांना चार हुतात्मे दिसले पाहिजेत. म्हणून शेवटी चौघं चार घरांतून उठतात, हातातलं सूत शेजाऱ्याकडं देतात आणि आपापलं नाव सांगून निघून जातात, असा प्रवेश घातला. तडजोड म्हणून केलेला हा प्रवेश मला आजही थोडा ठोकळेबाज वाटतो. पाहुण्यांना तोच सर्वांत आवडला.

गर्दीसाठी मदत नंदीध्वजाच्या सरावाला जाणाऱ्या पोरांची झाली. सभेचा प्रवेश बसेना. चाळीस जण चाळीस दिशांना बघायचे. त्यातला एक म्हणाला, ‘सर, काठीच्या टोकाकडं बघायचं आणि पायानं शेजारचा ओळखायचा.’ त्यानं मोठ्या माणसांना तसं चालताना पाहिलेलं. मैदानातल्या झेंड्याच्या खांबाच्या टोकाकडं बघत सगळ्यांना दाटीनं चालायला लावलं. काही वेळ पाय तुडवले गेले, मग जमाव एकदमानं हलू लागला.

प्रयोग

माइक काढून टाकला. एक माइक स्टँड असला की मुलं त्याच्यासमोर रांग लावतात आणि नाटकाचं पुन्हा पहिलं होतं. प्रयोग स्टेजवर न करता पटांगणात, तीन बाजूंना प्रेक्षक, एका बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या. किंमतही मोजावी लागली. शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते, त्या खडखडाटात शेवटच्या रांगांना काही वाक्यं ऐकू गेली नाहीत. तिथं बसलेली सहावीची मुलं चुळबुळली. पुढच्या वेळी प्रेक्षक कमी आणि प्रयोग दोन, हा त्यावरचा उपाय दिसतो.

वक्ता सभेत कडक बोलला, टाळ्या आल्या. दाराच्या प्रवेशात मात्र खुर्च्यांत त्याला वक्तृत्वाची तयारी करून घेणारे सर दिसले असावेत. ‘अगं, माणूस...’ म्हणताना त्याचा उजवा हात वर जाऊ लागला. शेजारच्या मुलीनं, टोपी काढायला सांगणाऱ्या त्याच मुलीनं, त्या वर निघालेल्या हातात सुताची लडी अडकवली आणि स्वतः दुसरं टोक धरून गुंडाळायला लागली. हात तिथंच अडकला. वाक्य मग हळूच आलं.

तालमीत असं काही ठरलं नव्हतं. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यांत शहाणं नाट्यभान ते होतं, आणि श्रेणी देताना बाईंनी ते पहिलं लिहून ठेवलं. त्यांनी श्रेणीसाठी आवाज आणि पाठांतर धरलंच नाही. कोण दुसऱ्याचं ऐकून वागला, कोणी काम सोडून प्रेक्षकांकडं पाहिलं, कोणी अडलेल्याला सोडवलं, याच्या नोंदी त्या हजेरीच्या मागच्या पानांवर करत होत्या. हसणाऱ्या घरातल्या दोघांना त्यामुळं कमी श्रेणी मिळाली. त्यांचं ऐकून घेतल्यावर एकाची वाढवली. तो हसत होता तो घाबरून, हे त्यानं स्वतः सांगितलं.

फेब्रुवारीत वक्ता पुन्हा स्पर्धेला गेला आणि जुन्याच सुरात बोलून दुसरा आला. त्याला याबद्दल काही वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. दोन जागी दोन तऱ्हेनं बोलायचं असतं एवढं त्याला कळलं आहे.

दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी संहितेची झेरॉक्स मागितली. ती दिली. पण घरांच्या प्रवेशांत वाक्यं लिहिलेलीच नाहीत. दाराबाहेर कोण, कोणाच्या हातात काय, कोणाला काय हवंय, एवढंच आहे. ‘मग मुलं बोलणार काय?’ त्यांनी विचारलं. मराठीच्या बाईंनी त्यांना येत्या शनिवारी शेवटच्या दोन तासांना येऊन बसायला सांगितलं, आणि येताना सुताची एक पिशवी घेऊन या म्हणाल्या.